घाशीराम सावळदास

घाशीराम सावळदास (मृत्यू: ३१ ऑगस्ट १७९१, पुणे) हा पेशवाईच्या उत्तरार्धात पुणे शहराचा कोतवाल होता. घाशीराम कोतवाल या नावाने तो सर्वपरिचित आहे. सवाई माधवराव पेशवे यांच्या कारकिर्दीत, कारभारी नाना फडणवीस यांचा विश्वास संपादन करून त्याने १७७७ ते १७९१ अशी सुमारे चौदा वर्षे कोतवाली सांभाळली. १७९१ च्या श्रावणअखेरीस त्याच्या कोठडीत वीसहून अधिक तेलंगी ब्राह्मणांचा गुदमरून मृत्यू झाला. या प्रकरणी दोषी ठरवून त्याची शहरातून धिंड काढण्यात आली व गारपिरानजीक दगडांनी ठेचून त्याला ठार मारण्यात आले. मोरोबा कान्होबा विजयकर यांचे १८६३ मधील पुस्तक, विजय तेंडुलकर यांचे १९७२ मधील नाटक आणि त्या नाटकावर आधारित १९७६ चा मराठी चित्रपट यांमुळे त्याचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे पोहोचले.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकात पुणे हे मराठी राज्याच्या कारभाराचे केंद्र झाले आणि शहराची वस्ती झपाट्याने वाढली. नव्या पेठा वसल्या. सरदार, सावकार, व्यापारी, शिपाई, भिक्षुक आणि परप्रांतीय प्रवासी यांची ये-जा वाढली. एवढ्या मोठ्या शहराचा बंदोबस्त गावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या जुन्या पद्धतीने होणे शक्य नव्हते. थोरले माधवराव पेशवे यांच्या कारकिर्दीत (१७६१-१७७२) पुण्याच्या कोतवालीला नियमबद्ध स्वरूप आले.

कोतवालाचे काम आजच्या पोलीस अधिकाऱ्याच्या कामापेक्षा बरेच व्यापक होते. चोरी, मारामारी, व्यभिचार, जुगार व मद्यविक्री यांचा तपास करणे आणि किरकोळ गुन्ह्यांसाठी दंड करणे हे त्याच्याकडे असेच. शिवाय बाजारातील भाव, वजने व मापे यांवर देखरेख, घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची माहिती, रस्त्यांची स्वच्छता आणि सरकारी कामासाठी मजूर पुरवणे याही गोष्टी त्याच्या अखत्यारीत येत. पेठापेठांतील चावड्यांमार्फत हा कारभार चाले आणि मुख्य कोतवाल चावडी बुधवार पेठेत होती. मोठे खटले न्यायाधीशांपुढे जात. परंतु दैनंदिन जीवनात सामान्य पुणेकराची सरकारशी गाठ पडे ती प्रामुख्याने कोतवालाच्या माणसांमार्फतच.

रात्रीच्या बंदोबस्ताची पद्धत विशेष कडक होती. रात्री ठराविक वेळी तोफ उडत असे. त्यानंतर पहाटेपर्यंत परवान्याशिवाय रस्त्यावर फिरण्यास मनाई असे. गस्तीच्या शिपायांना सापडलेल्या माणसास सकाळपर्यंत अटकेत ठेवून दंड केला जाई. या पद्धतीमुळे पुण्यात चोऱ्या कमी होत असल्याचा निर्वाळा काही परकीय प्रवाशांनीही दिला आहे. मात्र याच पद्धतीने कोतवालाच्या हाती मोठी आणि सहजासहजी तपासता न येणारी सत्ता दिली.

पुण्यात आगमन व नेमणूक

घाशीराम हा मूळचा औरंगाबादचा गौड ब्राह्मण होता. उदरनिर्वाहासाठी तो पुण्यास आला आणि पेशव्यांच्या सेवेत शिरला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशवे यांचा शनिवारवाड्यात वध झाला. त्यानंतरचा काळ राजकीय अस्थैर्याचा होता. रघुनाथरावांविरुद्ध बारभाईंचे कारस्थान उभे राहिले. १८ एप्रिल १७७४ रोजी जन्मलेल्या सवाई माधवरावांना अवघ्या काही आठवड्यांच्या वयात पेशवेपदाची वस्त्रे मिळाली आणि पुढे कारभाराची सूत्रे क्रमाने नाना फडणवीस यांच्या हाती एकवटली. रघुनाथरावांनी इंग्रजांचा आश्रय घेतला असला तरी शहरात त्यांचे पक्षपाती होते. त्यांच्या हालचालींची बातमी राखणे ही कारभाऱ्यांची मोठी गरज होती.

घाशीरामाने या कामी उपयोगी पडून नानांचा विश्वास मिळवला. १७७७ मध्ये त्याची पुण्याच्या कोतवालपदी नेमणूक झाली. शहराची शांतता राखणे आणि राजकीय विरोधकांवर नजर ठेवणे ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे आल्याने त्याचे वजन इतर अधिकाऱ्यांच्या तुलनेत वाढले. नानांचा राज्यकारभार बातमीदारांच्या विस्तृत जाळ्यावर उभा होता. पुणे शहरापुरता त्या जाळ्याचा एक महत्त्वाचा धागा घाशीराम होता.

कोतवालीचा कारभार

घाशीरामाच्या काळात शहर आणखी वाढले आणि त्याबरोबर कोतवालीचा विस्तारही वाढला. नव्या चावड्या व वाढीव शिपाई यांच्या साहाय्याने त्याने बंदोबस्त कडक केला. दंडाच्या रूपाने सरकारात जमा होणारी रक्कम ही कोतवालाच्या कार्यक्षमतेचे एक माप मानली जात असल्याने दंड वसूल करण्याकडे खात्याचा कल राहिला. स्वतः घाशीरामानेही मोठी संपत्ती जमवली. शहराच्या पूर्वेस, भवानी पेठेच्या बाजूला, त्याची बाग होती.

त्याच्या कारभाराविषयी लोकांत असंतोष होता. त्याचे शिपाई निरपराध माणसांना अडकवून पैसे उकळतात, अशा तक्रारी होत्या. परंतु कोतवालाविरुद्ध दाद मागायची ती अखेर नानांकडेच आणि नाना त्याच्यावर विश्वासून असल्याने या तक्रारींचा परिणाम होत नसे. चौदा वर्षांच्या दीर्घ मुदतीत एकाच व्यक्तीकडे कोतवाली राहिल्याने तिच्यावरील अंकुश सैल होत गेला, असे मत इतिहासकारांनी नोंदवले आहे. दुसरीकडे, याच काळात शहराचा बंदोबस्त चोख होता आणि रात्री मालमत्ता सुरक्षित असे, याही नोंदी आहेत. घाशीरामाच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना या दोन्ही बाजू विचारात घेतल्या जातात.

श्रावणमासातील दक्षिणा

१७९१ ची घटना समजण्यासाठी पुण्यातील दक्षिणेची प्रथा लक्षात घेणे आवश्यक आहे. विद्वान ब्राह्मणांना श्रावणात दक्षिणा देण्याची प्रथा सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगाव येथे सुरू केली होती. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्रिंबकराव मारले गेल्यानंतर पहिले बाजीराव यांनी ती पुण्यात चालू ठेवली. पुढे नानासाहेब पेशव्यांच्या काळात तिचा मोठा विस्तार झाला. पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात दक्षिणेचे वाटप होई आणि काशीपासून रामेश्वरापर्यंतच्या प्रदेशांतून हजारो ब्राह्मण त्यासाठी पुण्यास येत.

दरवर्षी श्रावणात शहराची लोकसंख्या अशा रीतीने एकाएकी फुगत असे. परप्रांतीय पाहुण्यांची भाषा वेगळी, ओळख देणारे कोणी नाही आणि मुक्काम मिळेल त्या ठिकाणी, यामुळे कोतवालीवर ताण पडे. दक्षिणेकडून आलेल्या तेलंगी ब्राह्मणांचा समुदाय त्यांत मोठा असे.

ऑगस्ट १७९१ मधील मृत्यू

१७९१ मध्ये मराठी फौजांचा मोठा भाग परशुरामभाऊ पटवर्धन व हरिपंत फडके यांच्या नेतृत्वाखाली टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेवर कर्नाटकात होता. श्रावणातील दक्षिणा नेहमीप्रमाणे वाटली गेली. ती घेऊन परतीच्या वाटेवर असलेल्या सुमारे पस्तीस तेलंगी ब्राह्मणांनी घाशीरामाच्या बागेजवळ मुक्काम केला. त्यांच्यापैकी काहींनी बागेतील कणसे व फळे तोडल्यावरून माळी व रखवालदार यांच्याशी त्यांची बाचाबाची झाली आणि तिचे पर्यवसान मारामारीत झाले.

बागेत चोर शिरले असल्याची वर्दी घाशीरामास देण्यात आली. त्याने शिपाई पाठवून सर्वांना पकडवले आणि एका अरुंद, हवा खेळण्यास वाव नसलेल्या कोठडीत कोंडून घातले. काही वृत्तांतांत या जागेचा उल्लेख भुयार असाही येतो. कोंडलेल्या लोकांची चौकशी झाली नाही आणि त्यांना अन्नपाणीही मिळाले नाही. त्यांचा आक्रोश आसपासच्या लोकांना ऐकू येत होता. पण कोतवालाच्या कुलपास हात लावण्याचे धाडस कोणी केले नाही.

ही वार्ता मानाजी शिंदे ऊर्फ मानाजी फाकडे या सरदारापर्यंत पोहोचली. ते पूर्वी रघुनाथरावांच्या पक्षात होते आणि घाशीरामाची भीड त्यांना नव्हती. त्यांनी जाऊन कोठडीचे कुलूप फोडले. तोपर्यंत आतील बहुसंख्य लोक गुदमरून मरण पावले होते आणि जिवंत असलेल्यांपैकीही काही थोड्याच वेळात दगावले. मृतांच्या संख्येबाबत वेगवेगळ्या वृत्तांतांत थोडीफार तफावत असली, तरी ती वीसहून अधिक होती याबाबत त्यांत एकवाक्यता आहे.

चौकशी व मृत्युदंड

मानाजी फाकडे यांनी घडलेला प्रकार पेशव्यांच्या कानी घातला. सवाई माधवराव त्या वेळी सतरा वर्षांचे होते. पेशव्यांकडून विचारणा झाल्यावर नानांनी घाशीरामास बोलावले. पकडलेले लोक चोर होते, असा खुलासा त्याने केला आणि प्रेतांची विल्हेवाट लावण्याची परवानगी मागितली. मात्र दक्षिणेसाठी आलेल्या ब्राह्मणांचा मृत्यू कोतवालाच्या कोठडीत झाला, ही बातमी तोपर्यंत शहरभर पसरली होती.

तेलंगी ब्राह्मणांचा मोठा जमाव नानांच्या वाड्यासमोर जमला आणि कोतवालास देहदंड देण्याची मागणी करू लागला. दक्षिणेच्या निमित्ताने शहरात हजारो ब्राह्मण असल्याने जमाव वाढतच गेला. रामशास्त्री प्रभुणे यांचे १७८९ मध्ये निधन झाल्यानंतर न्यायाधीशपदी आलेले अय्याशास्त्री यांच्यापुढे हे प्रकरण आले आणि घाशीराम देहदंडास पात्र ठरला. नाना आरंभी शिक्षेस अनुकूल नव्हते. जमाव हटत नाही, हे पाहून त्यांनी अखेरीस संमती दिली, असे समकालीन वृत्तांतांवरून दिसते.

घाशीरामास बांधून प्रथम हत्तीवरून आणि नंतर उंटावर उलटे बसवून शहरातून फिरवण्यात आले. त्याच्या डोक्याचे पाट काढण्यात आले होते. जेथे चौदा वर्षे त्याच्या नावाची दवंडी फिरत असे, त्याच पेठांतून ही धिंड गेली. ३१ ऑगस्ट १७९१ रोजी त्याला शहराबाहेर गारपिरानजीकच्या मोकळ्या जागेत नेऊन तेलंगी ब्राह्मणांच्या स्वाधीन करण्यात आले. जमावाने दगडांचा वर्षाव करून त्याचा प्राण घेतला. त्याची मालमत्ता सरकारजमा झाली.

या प्रकरणात नानांच्या पदास धक्का लागला नाही. मात्र ज्याच्यावर चौदा वर्षे विसंबून कारभार केला, त्या अधिकाऱ्यास जमावाच्या हवाली करावे लागल्याने त्यांच्या प्रतिष्ठेला काही प्रमाणात बाधा आली. सवाई माधवराव यांच्या मृत्यूनंतरच्या गोंधळातून सावरून नानांनी कारभारात पुनःप्रवेश केला आणि १३ मार्च १८०० रोजी त्यांचे निधन झाले.

ऐतिहासिक साधने

घाशीरामाच्या मृत्यूच्या वेळी चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील म्हणून पुण्यात राहत होता. त्याच्या वर्तुळातून मिळालेल्या माहितीवर आधारलेला या घटनेचा वृत्तांत जेम्स फोर्ब्स याच्या १८१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींच्या ग्रंथात आला आहे. ग्रँट डफ याच्या १८२६ मधील मराठ्यांच्या इतिहासातही या प्रकरणाचा उल्लेख आहे. पुढे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्याविषयीचा भाग आणि द. ब. पारसनीस यांचे पुण्याविषयीचे लेखन यांतून कोतवालीची माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध झाली.

इंग्रज लेखकांनी ही घटना एतद्देशीय राज्यकारभारातील गैरव्यवस्थेचे उदाहरण म्हणून मांडली. मराठी इतिहासकारांनी तिचा विचार नानांच्या कारभाराच्या संदर्भात केला. नानांना मृत्यूची पूर्वकल्पना नव्हती, याबाबत फारसे दुमत नाही. कोतवालाविरुद्धच्या तक्रारींकडे त्यांनी केलेले दुर्लक्ष कितपत क्षम्य आहे, यावर मात्र मतभेद आहेत.

मोरोबा कान्होबा यांचे पुस्तक

मृत्यूनंतर बहात्तर वर्षांनी, १८६३ मध्ये, मोरोबा कान्होबा विजयकर यांचे घाशीराम कोतवाल हे पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झाले. त्याचे स्वरूप चरित्राचे नाही. घाशीरामास मध्यवर्ती पात्र कल्पून त्याच्याभोवती गोष्टी, संभाषणे, चुटके आणि नाना विषयांवरील माहिती यांची गुंफण लेखकाने केली आहे. मराठीतील आरंभीच्या कादंबरीसदृश व विनोदी गद्यलेखनात या पुस्तकाचा समावेश होतो. एका जुलमी कोतवालाचे विनोदी साहित्यात झालेले हे पहिले मोठे रूपांतर होय.

नाटक

विजय तेंडुलकर यांच्या घाशीराम कोतवाल या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेने पुण्यात केला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. नानांची भूमिका मोहन आगाशे यांनी व घाशीरामाची भूमिका रमेश टिळेकर यांनी केली. कीर्तन, तमाशा, दशावतार व खेळे या लोकप्रकारांचा वापर, सूत्रधार आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्या ब्राह्मणांची मानवी भिंत यांमुळे नाटकास उपहासपूर्ण संगीतिकेचे स्वरूप आले.

नाटकातील घाशीराम कनोजहून पत्नी व मुलीसह पुण्यास येतो. बावनखणीत गुलाबीकडे नोकरी करतो. चोरीचा खोटा आळ आल्याने अपमानित होऊन पुण्यावर सूड घेण्याची प्रतिज्ञा करतो आणि आपली मुलगी गौरी नानांना देऊन कोतवाली मिळवतो. कोठडीतील मृत्यूंनंतर नाना त्याला जमावाच्या स्वाधीन करून स्वतः नामानिराळे राहतात. मुलीच्या बदल्यात कोतवाली हा कथाभाग नाटककाराच्या कल्पनेचा आहे. सत्ता स्वतःच्या सोयीसाठी दहशतीचे हस्तक निर्माण करते आणि काम संपल्यावर त्यांचा बळी देते, हे दाखवण्यापुरता इतिहासाचा आधार घेतला असून आपले नाटक ऐतिहासिक नाही, अशी तेंडुलकरांची भूमिका होती.

नानांचे आणि पुण्यातील ब्राह्मणवर्गाचे चित्रण अवमानकारक असल्याचा आक्षेप घेतला गेला. १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. त्यामुळे बाहेर पडलेल्या कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी या संस्थेची स्थापना केली व ११ जानेवारी १९७४ रोजी नाटक पुन्हा रंगभूमीवर आणले. १९८० मध्ये पश्चिम जर्मनीसह युरोपातील अनेक देशांत त्याचे प्रयोग झाले. या दौऱ्यासही विरोध झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. इतिहासातील नाना हे थोर मुत्सद्दी होते, असे निवेदन प्रयोगापूर्वी करण्याच्या अटीवर दौरा पार पडला.

चित्रपट

नाटकावर आधारित घाशीराम कोतवाल हा मराठी चित्रपट १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, तयार झाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी स्थापन केलेल्या युक्त फिल्म को-ऑपरेटिव्ह या सहकारी संस्थेची ही निर्मिती होती. के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा व कमल स्वरूप यांचा दिग्दर्शनात सहभाग होता आणि पटकथा तेंडुलकर यांची होती. घाशीरामाची भूमिका ओम पुरी यांनी केली. ती त्यांच्या चित्रपटीय कारकिर्दीच्या अगदी आरंभीची भूमिका होय. नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे होते.

नाटकातील मानवी भिंतीचा संकेत पडद्यावर जसाच्या तसा आणणे शक्य नसल्याने चित्रपटात दीर्घ दृश्ये, मोकळा माळ, वाडे व फिरता कॅमेरा यांचा आधार घेण्यात आला. पेशवाईचा ऱ्हास आणि इंग्रजी सत्तेचा प्रवेश या राजकीय संदर्भांनाही चित्रपटात अधिक स्थान मिळाले. व्यापक व्यावसायिक प्रदर्शन न लाभल्याने चित्रपट दीर्घकाळ दुर्मीळ राहिला. बर्लिन येथील आर्सेनाल या चित्रपटसंस्थेच्या संग्रहात त्याची प्रत टिकून होती. तिचे डिजिटल रूपांतर होऊन २०१४ मध्ये तो पुन्हा प्रेक्षकांसमोर आला.

प्रत्यक्ष घडलेल्या घटनेवरून नाटक आणि नाटकावरून चित्रपट, असा प्रवास जर्मनीत कोपेनिकच्या कॅप्टनच्या कथेनेही केला आहे. १६ ऑक्टोबर १९०६ रोजी व्हिल्हेल्म फोग्ट या चांभाराने लष्करी कॅप्टनचा जुना गणवेश घालून बर्लिनजवळील कोपेनिकच्या नगराध्यक्षास अटक केली आणि नगरपालिकेची तिजोरी रिकामी केली. कार्ल त्सुकमायर यांनी १९३१ मध्ये त्यावर सुखात्मिका लिहिली व त्याच वर्षी रिचर्ड ओसवाल्ड यांनी तिचा चित्रपट केला. अधिकाराच्या बाह्य चिन्हापुढे लोक कसे निमूट होतात, हा दोन्ही कथांतील समान विषय आहे. फोग्टला पुढे सम्राटाकडून माफी मिळाली आणि तो स्वतःच्या कीर्तीवर जगला. घाशीरामाच्या कथेत मात्र वीसहून अधिक मृत्यू आहेत. त्यामुळे तिच्यातील विनोदाला उपहासाची धार आहे.

वारसा

जुलमी व बेबंद पोलीस कारभाराचा निर्देश करण्यासाठी महाराष्ट्रात घाशीरामाचे नाव आजही घेतले जाते. नाटकाच्या प्रभावामुळे कनोजहून आलेला, मुलीच्या मोबदल्यात कोतवाली घेणारा घाशीराम हीच त्याची प्रतिमा सर्वसामान्यांच्या मनात रूढ झाली आहे. औरंगाबादहून आलेला, चौदा वर्षे शहराची गस्त, बाजार व बातम्या सांभाळणारा कोतवाल तिच्यामागे झाकला गेला आहे. श्रावणातील दक्षिणा घेऊन घराकडे निघालेल्या आणि कोठडीत मरण पावलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी बहुतेकांचे उल्लेख केवळ संख्येच्या रूपाने उरले आहेत.